एचआयव्ही, मेंदू आणि पाठीतलं पाणी : भाऊजींची तपासणी होऊ द्यावी का?

रेणुका_पूर्वभाग

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. नाव खरं नाही, तेवढं समजून घ्या.

माझ्या मोठ्या दिरांना एचआयव्ही आहे. घरात हे सासूबाई, आमचे हे आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक. भाऊजी यंत्रमाग कामगार. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या व्यवस्थित चालू होत्या, तब्येतही चांगली होती. मग कामासाठी भिवंडीला गेले आणि तिकडे गोळ्या सुटल्या त्या सुटल्याच. परत आले ते अर्धे होऊन.

गेला महिनाभर त्यांचं डोकं दुखतंय. आधी सगळे म्हणाले ऊन लागलंय. सोलापूरचा एप्रिल, कुणालाही पटेल. मग चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून नवा चष्मा केला. डोकेदुखीची गोळी खायचे आणि पाळीला जायचे. मग सकाळच्या उलट्या सुरू झाल्या. मागावर ताण्याचा धागा तुटला की माग थांबवून गाठ मारायची, हे काम त्यांच्या बोटांना पाठ आहे. परवा धागा तुटला तर ते नुसते बघत उभे राहिले. शेजारच्या मागावरच्या माणसाने माग थांबवला आणि त्यांना घरी आणून सोडलं. रात्री म्हणाले, दिव्याचे दोन दिवे दिसतायत.

आता दवाखान्यात ॲडमिट आहेत. सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, पन्नासच्या खाली आलंय. सीटी केला, मेंदूत गाठ नाही म्हणाले. डॉक्टरांना पाठीतून पाणी काढून तपासायचंय. सासूबाई सहीच करू देत नाहीत. त्यांच्या गल्लीत कुणाच्या तरी पाठीत सुई टोचली आणि तो माणूस कमरेखाली लुळा पडला, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

दुसरं म्हणजे, डॉक्टर म्हणतात एचआयव्हीच्या गोळ्या लगेच सुरू करायच्या नाहीत. हे सगळं एचआयव्हीमुळेच होतंय, मग त्याचंच औषध का थांबवायचं? आमचे हे दुसरीकडे हलवू म्हणतायत. मला काही सुचत नाहीये.

---

कन्नाचौक

ताई, हलवाहलवीत दिवस घालवू नका ओ. डोकेदुखी, उलट्या, दोन-दोन दिसणं आणि सीडी-४ एवढं कमी. सही करा. बाकीचं मागाहून बोलू.

---

मेंदूविकार_निवासी

मी मेंदूविकार विभागात काम करतो. तुमच्या रुग्णाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा. पण कन्नाचौक म्हणतात ते बरोबर आहे, तपासणी लांबवू नका.

एचआयव्ही असलेल्या माणसाचं डोकं बिघडलं की घरचे लोक, आणि कधीकधी डॉक्टरही, ‘आजार मेंदूत गेला, आता शेवट आला’ असं धरून चालतात. हे मनातून काढून टाका. सीडी-४ खूप खाली गेलं की मेंदूत वेगवेगळे आजार होतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतात ते टीबीचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) आणि क्रिप्टोकोकस नावाच्या बुरशीचा मेनिंजायटिस. टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीच्या गाठी होतात, त्या सीटी किंवा एमआरआयवर कडं असल्यासारख्या दिसतात. जेसी विषाणूमुळे पीएमएल हा मेंदूचा आजार होतो. सिफिलिस मेंदूत शिरू शकतो. लिम्फोमा नावाचा कॅन्सर होऊ शकतो. यातले टीबी, बुरशी, टोक्सो आणि सिफिलिस वेळेत सापडले तर बरे होणारे आजार आहेत. पण टीबीच्या औषधाने बुरशी मरत नाही आणि बुरशीच्या औषधाने टीबी. म्हणून अंदाजाने औषध न देता पाणी तपासायचं.

महिनाभर हळूहळू वाढलेली डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, एकाचे दोन दिसणं, सीटीवर गाठ नाही, सीडी-४ शंभरच्या आत. हे चित्र बघून माझ्या मनात पहिलं नाव क्रिप्टोकोकसचं येतं. या बुरशीमुळे मेंदूभोवतीच्या पाण्याचा निचरा तुंबतो आणि कवटीत दाब वाढतो. त्या दाबाने डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस लुळी पडते, म्हणून दोन दिवे दिसतात. दाब तसाच राहिला तर नजर कायमची जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. इथे पाठीतून पाणी काढणं ही तपासणी आहेच, पण उपचारही तोच आहे. जास्तीचं पाणी काढलं की दाब उतरतो.

आता सासूबाईंची भीती. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली फक्त सुट्या नसा पाण्यात लोंबत असतात, घोड्याच्या शेपटीसारख्या, आणि सुई त्यांच्या मधून जाते. सुई टोचायची जागा तिसऱ्या-चौथ्या मणक्यामध्ये, म्हणजे मज्जारज्जूच्या बरीच खाली असते. माणूस कमरेखाली लुळा पडतो तो बहुतेक वेळा मूळ आजाराने. टीबी मणक्यात उतरलेला असतो, पाय आधीच जायला लागलेले असतात, त्यातच पाणी काढलं जातं आणि दोष सुईवर येतो. मेंदूत मोठी गाठ असेल तर पाणी काढणं धोक्याचं ठरू शकतं, म्हणूनच तुमच्या डॉक्टरांनी आधी सीटी केला. त्यांनी क्रम बरोबर धरलाय.

---

चंद्रभागा

रेणुकाताई, मी त्या सुईतून गेलोय, म्हणून लिहितो. मलाही हीच बुरशी झाली होती.

कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी. एक मावशी मानेमागे आणि गुडघ्यांमागे हात घालून धरून ठेवते. पाठीला गार औषध पुसतात, मग भूल द्यायची बारीक सुई. ती चावते. नंतरची मोठी सुई कळते ती दाबल्यासारखी. एका पायात झिणझिणी गेली, मी ओरडलो, डॉक्टरांनी सुई थोडी मागे घेतली, थांबली. मग सुईला उभी नळी जोडून पाणी किती वर चढतं ते बघितलं. डॉक्टरांनी आकडा मोठ्याने सांगितला आणि सिस्टर लिहून घेत होती.

सगळ्यात महत्त्वाचं हे, की पाणी काढल्यावर तिथेच, त्याच कॉटवर, माझं डोकं हलकं झालं. किती दिवसांत पहिल्यांदा डोळे उघडून खिडकीकडे बघू शकलो. दोन दिवसांनी परत चढलं, परत काढलं. असं बरेचदा झालं. नंतर नंतर मीच मागे लागायचो, आज काढा म्हणून. सासूबाईंना हे वाचून दाखवा. मी आज चालतोय, दुकान सांभाळतोय, पायी वारी करतोय.

---

समुपदेशिका_ताई

मी बरीच वर्षं एचआयव्ही समुपदेशनात आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बऱ्याच घरांत आजी-सासू तेलुगूतच विचार करतात. डॉक्टर घाईत मराठीत चार वाक्यं सांगून जातात आणि सही मागतात. आजीच्या कानावर पडतं फक्त ‘पाठीत सुई’. वॉर्डातल्या सिस्टर, मावशी यांत तेलुगू बोलणारं कुणी ना कुणी भेटतंच. त्यांना डॉक्टरांसोबत उभं करा आणि आजीला एवढंच सांगा : डोक्यात पाणी तुंबलंय, ते काढलं नाही तर डोळे जातील. ‘तपासणी’ म्हटलं की आजी नाही म्हणते, ‘दुखणं उतरवायला’ म्हटलं की ऐकते. आणि हे खोटंही नाही, वर डॉक्टरांनी सांगितलंच आहे.

भाऊजी शुद्धीवर असतील आणि त्यांना समजत असेल, तर पहिली सही त्यांचीच. त्यांना विचारलंय का कुणी?

---

सिद्धरामेश्वर_भक्त

मेंदूला सूज आहे तर स्टिरॉइड द्यायला सांगा की. आमच्या मामांना मेंदूच्या टीबीत स्टिरॉइडनेच फरक पडला. पाणी काढायची गरजच काय?

---

मेंदूविकार_निवासी

भक्तजी, टीबीच्या मेनिंजायटिसमध्ये स्टिरॉइड देतात हे खरं आहे. पण क्रिप्टोकोकसमध्ये त्याने नुकसान होतं. आशिया आणि आफ्रिकेतल्या रुग्णांवर डेक्सामेथासोनची चाचणी झाली होती, ती मध्येच थांबवावी लागली, कारण स्टिरॉइड घेतलेल्यांमध्ये अपंगत्व आणि गुंतागुंत जास्त दिसली. निकाल २०१६ मध्ये छापून आले. एकाच्या घरातलं औषध दुसऱ्याच्या मेंदूला घातक ठरू शकतं, म्हणून तर पाणी आधी तपासायचं. क्रिप्टोकोकसची पट्टी-चाचणी रक्तावर आणि पाण्यावर दोन्हीवर होते आणि दहा मिनिटांत उत्तर देते.

आता रेणुकाताईंचा दुसरा प्रश्न, गोळ्या का थांबवायच्या.

एआरटी सुरू केली की प्रतिकारशक्ती परत उभी राहते. ती उठल्या उठल्या मेंदूतल्या बुरशीवर तुटून पडते आणि त्या धुमश्चक्रीत मेंदूच सुजतो. शरीराच्या इतर भागात सूज आली तर जागा असते, कवटीत जागा नाही. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत १७७ रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्यांना एआरटी एक-दोन आठवड्यांत दिली, निम्म्यांना सुमारे पाच आठवडे थांबून. सहा महिन्यांत लवकर सुरू केलेल्यांपैकी ४५ टक्के दगावले, थांबलेल्यांपैकी ३० टक्के. २०१४ मधली ही गोष्ट. तेव्हापासून क्रिप्टोकोकसमध्ये बुरशीचं औषध सुरू झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी एआरटी, असा नियम आहे. टीबीच्या मेनिंजायटिसमध्येही चार ते आठ आठवडे थांबतात. तुमच्या डॉक्टरांनी औषध नाकारलेलं नाही, त्याची वेळ ठरवली आहे. फक्त हे त्यांनी तुम्हाला बसवून सांगायला हवं होतं.

---

रेणुका_पूर्वभाग

सगळ्यांचे मनापासून आभार. चंद्रभागा यांचं लिहिलेलं मी सासूबाईंना तेलुगूत करून सांगितलं. गप्प ऐकलं. मग एवढंच विचारलं, तो माणूस खरंच वारीला चालतो का? सही भाऊजींनी स्वतः केली, ताईंनी म्हटल्यावरच आमच्या लक्षात आलं की त्यांना विचारायचं.

पाणी काढलं. दाब खूप जास्त होता. पट्टी पॉझिटिव्ह, बुरशीच आहे. संध्याकाळी भाऊजींनी मऊ भात खाल्ला आणि तो पोटात राहिला.

आता अँफोटेरिसिन म्हणून सलाइनमधून औषध चालू केलंय. कालच्या बाटलीला एवढी थंडी वाजली की कॉट हलत होती. रोज रक्त काढतात, पोटॅशियम कमी आलंय म्हणतात. हे नॉर्मल आहे का?

---

मेंदूविकार_निवासी

बरं झालं. थंडी वाजणं हा त्या औषधाचा नेहमीचा त्रास आहे, साध्या प्रकारात जास्त, लायपोसोमल प्रकारात कमी. सिस्टरला लगेच सांगा, बाटलीचा वेग कमी करतात, आधी तापाचं औषध देतात. हे औषध किडनीवर ताण आणतं आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जातं. म्हणून आधी सलाइन आणि रोजचं रक्त. रक्त काढतात म्हणजे नीट लक्ष आहे. तुम्ही लघवी किती होते ते लिहून ठेवा, फार उपयोगी पडतं.

पूर्वी हे औषध दोन-दोन आठवडे रोज द्यावं लागायचं. बोट्स्वाना, मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वे या पाच देशांत ८०० हून अधिक रुग्णांवर वेगळा प्रयोग झाला : लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस, सोबत दोन आठवडे फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल या बुरशीच्याच औषधांच्या गोळ्या. दहा आठवड्यांत या गटात २४.८ टक्के रुग्ण दगावले, तेव्हाच्या प्रचलित पद्धतीच्या (आठवडाभर रोज अँफोटेरिसिन) गटात २८.७ टक्के. म्हणजे नवी पद्धत निदान तेवढीच चांगली, आणि त्रास कमी. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीच पहिली पसंती केली. फ्लुसायटोसिन हाताशी नसेल तर अँफोटेरिसिन आणि फ्लुकोनॅझोलची जोडी दोन आठवडे देतात. तुमच्याकडे कुठली पद्धत चालू आहे ते डॉक्टरांना जरूर विचारा, विचारण्यात काही वावगं नाही.

आकडे बघून घाबरू नका. ते सांगतो ते एवढ्यासाठी, की हा आजार हलका घेण्यासारखा नाही आणि या प्रयोगात दहा आठवड्यांपर्यंत चारातले जवळपास तीन वाचले हेही खरं आहे.

---

वाचनवेडा_होटगी

एक शंका. मी वाचलंय की मेंदूभोवती रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर असतो आणि एचआयव्हीची औषधं तो ओलांडून आत जातच नाहीत. मग मेंदूतल्या एचआयव्हीवर उपाय काय? रक्तात विषाणू शून्य आणि मेंदूत भरलेला, असं होत असेल तर गोळ्यांचा उपयोग काय?

---

मेंदूविकार_निवासी

चांगला प्रश्न आहे, पण ‘जातच नाहीत’ हे चूक. काही औषधं कमी जातात, काही पुरेशी जातात. झिडोव्हुडिन, म्हणजे एझेडटी, १९८७ मध्ये मान्यता मिळालेलं पहिलं औषध. ते मेंदूत चांगलं पोहोचतं आणि एचआयव्हीच्या स्मृतिभ्रंशात त्याने सुधारणा होते हे तेव्हाच दिसलं होतं. आज आपल्या एआरटी केंद्रांतून जी टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिरची एकत्र गोळी मिळते, त्यातलं डोल्युटेग्राव्हिर मेंदूभोवतीच्या पाण्यात विषाणू दाबायला पुरेल इतकं सापडतं.

विषाणू मेंदूत फार लवकर जातो, लागण झाल्यावर काही आठवड्यांतच. रक्तातल्या ज्या पेशी मेंदूत ये-जा करतात त्यांच्यातून तो शिरतो आणि मेंदूच्या रखवालदार पेशींमध्ये, मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेजमध्ये, ठाण मांडतो. मज्जापेशींना तो स्वतः लागत नाही. लागण झालेल्या पेशी जी विषारी प्रथिनं आणि सूज आणणारी द्रव्यं सोडतात, त्यांनी मज्जापेशी खराब होतात. त्यातून विसर, मंदपणा, हातापायांचा संथपणा, उदासपणा. याचा मुख्य उपचार एआरटीच. नियमित गोळ्या घेणाऱ्यांत जड स्मृतिभ्रंश आता क्वचित दिसतो. सौम्य तक्रारी मात्र काहींच्या उरतात.

तुम्ही म्हणता तो प्रकारही आहे, रक्तात विषाणू सापडत नाही आणि पाठीच्या पाण्यात सापडतो. दुर्मीळ आहे पण आपल्यापासून लांब नाही, पुण्यातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले आहेत. अशा नोंदींत ॲटाझानाव्हिरसारखं दुसऱ्या टप्प्याचं औषध घेणारे रुग्ण ठळक दिसतात. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) उत्तम असूनही तोल जाणं, बोबडं बोलणं, फिट, विसर असं काही नवं सुरू झालं तर ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून घरी बसू नये. पाणी तपासून, तिथल्या विषाणूवर कुठलं औषध चालतंय ते बघून गोळ्या बदलतात आणि माणूस सुधारतो.

---

अक्कलकोटचा_मास्तर

यात एक भर. आपल्या देशात एचआयव्ही-१ चा ‘सी’ उपप्रकार मुख्य आहे, युरोप-अमेरिकेत ‘बी’. ‘सी’च्या टॅट नावाच्या प्रथिनात ३१ व्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन हे अमिनो आम्ल असतं आणि त्यामुळे ते मज्जापेशींना कमी घातक असावं, असं बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं. जीवशास्त्र शिकवताना मला हे फार मोलाचं वाटतं, एका अमिनो आम्लाचा केवढा फरक. पण यावरून ‘भारतीयांच्या मेंदूला एचआयव्हीने काही होत नाही’ असं कुणी समजू नये. पुण्यात आणि इतरत्र झालेल्या चाचण्यांत आपल्याही रुग्णांत विसर आणि मंदपणा सापडला आहेच.

---

समुपदेशिका_ताई

हो मास्तर, सापडतो, आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. ‘वय झालं’, ‘टेन्शन आहे’ म्हणतात. २००५ पासून वापरात असलेली एक सोपी चाचणी आहे, मशीन लागत नाही. सुरुवातीला चार शब्द सांगायचे : कुत्रा, टोपी, शेंग, लाल. मग पहिलं बोट आणि अंगठा जमेल तितक्या भराभर उघडमिट करायला सांगायचं. मग हाताच्या तीन खुणा ओळीने : टेबलावर मूठ, पंजा पालथा, पंजा करंगळीच्या कडेवर आडवा. मूठ, पालथा, आडवा, परत मूठ. शेवटी विचारायचं, ते चार शब्द कुठले? बारापैकी दहा किंवा कमी गुण आले तर पुढच्या तपासणीला पाठवायचं.

एक विडी वळणारी बाई होती. दिवसभर तेंदूपत्ता कापणारे, सूत गुंडाळणारे हात, तिला बोटांची चाचणी काय जड जाणार असं वाटेल. तिची बोटं मध्येच अडकत होती. मूठ-पालथा-आडवा तिसऱ्या फेरीत पुसून गेलं. घरी ‘आळशी झालीय, विड्या कमी भरतात’ म्हणून रोज बोलणी खात होती. तपासणीत विषाणूही वाढलेला निघाला आणि बी-१२ ही कमी. दोन्हींवर उपचार झाले. म्हणून सांगते, कमी गुण म्हणजे लगेच एचआयव्हीचा स्मृतिभ्रंश नव्हे. बी-१२, थायरॉइड, दारू, नैराश्य, सिफिलिस, सगळं बघावं लागतं.

---

प्रवासी_एनएच६५

मी ट्रकवर असायचो. आधीच्या एफाव्हिरेन्झवाल्या गोळीने मला रात्रभर विचित्र स्वप्नं पडायची, सकाळी गाडीवर बसलो की गरगरायचं. मी सरळ गोळी बंद केली होती. आता नवी गोळी आहे, तसा त्रास नाही. पण पायाचे तळवे जळतात. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. हे पण एचआयव्हीचंच का?

---

मेंदूविकार_निवासी

स्वप्नं आणि गरगरणं हे एफाव्हिरेन्झचे ठाऊक असलेले परिणाम. अशा वेळी गोळी बंद करायची नाही, केंद्रात जाऊन बदलून मागायची. भाऊजींचं काय झालं ते वर वाचताच आहात.

तळवे जळणं, बधिरपणा हा नसांचा आजार. एचआयव्हीने होतो. जुन्या स्टॅव्ह्युडिन औषधाने फार व्हायचा, जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं, पण तेव्हा बिघडलेल्या नसा काहींना अजून छळतात. टीबीच्या आयसोनियाझिडनेही होतो, म्हणून त्यासोबत बी-६ देतात. मधुमेह आणि दारूनेही होतो. साखर आणि बी-१२ तपासा, पूर्वी कुठल्या गोळ्या घेतल्या ते आठवून सांगा. जळजळीवर गॅबापेंटिनसारखी औषधं आहेत. रोज रात्री तळवे बघा, जखम झालेली कळणार नाही. उन्हात अनवाणी अजिबात चालू नका.

---

गावठी_औषधी_बार्शी

मेंदूसाठी सुवर्णभस्म आणि ब्राह्मी चालू करा, इंग्रजी औषधांनी किडनी जाते हे वर डॉक्टरच सांगतायत. माझ्याकडे

*[उरलेला मजकूर आणि फोन नंबर काढून टाकला आहे. या धाग्यावर औषधं विकू नयेत. एक रुग्ण आत्ता दवाखान्यात आहे, याचं भान ठेवा. दवाखान्यांची नावंही लिहू नयेत. : संपादक]*

---

कन्नाचौक

संपादकांचे आभार.

मला वेगळंच बोलायचंय. माझ्या भावाच्या वेळी कॉटच्या पाटीवर लाल शाईने त्याचा आजार लिहून ठेवला होता. भेटायला येणारा प्रत्येक माणूस वाचून जायचा. पाणी काढायला दोन दिवस कुणी पुढे येईना. तो गेला, त्याला वर्षं झाली, पण ती पाटी अजून दिसते. आताही असं चालतं का?

---

समुपदेशिका_ताई

चालत असेल तर ते बेकायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता किंवा टाळता येत नाहीत. तक्रारीसाठी लोकपालाची तरतूद आहे. काही अडलं तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्या भावाच्या बाबतीत झालं ते फार वाईट झालं. रेणुकाताई, तुमच्याकडे अशी पाटी असेल तर मेट्रनना भेटून काढायला लावा.

---

रेणुका_पूर्वभाग

पाटी नाही, बघून आले. स्टाफ चांगला आहे.

भाऊजींना काल पहाटे फिट आली. सुदैवाने मी जवळ होते. आता शांत आहेत. पाणी अजून काढावं लागतंय, पण दाब प्रत्येक वेळी कमी येतोय. दोन दिसणंही कमी झालंय. फिटसाठी गोळी चालू केलीय. अजून काय लक्षात ठेवू? पुढच्या महिन्यात एआरटी सुरू होईल म्हणाले.

---

पेठेतला_फार्मासिस्ट

ताई, फिटच्या गोळीचं नाव बघून घ्या. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन आणि फेनोबार्बिटोन या तिन्ही जुन्या औषधांनी डोल्युटेग्राव्हिर शरीरात लवकर संपतं, मग एचआयव्हीची गोळी रोज घेऊनही पुरेशी पडत नाही. लेव्हेटिरासिटामची अशी भानगड नाही. एआरटी सुरू होण्याआधी हे डॉक्टरांच्या कानावर घाला. मात्र स्वतःहून फिटची गोळी बदलू किंवा थांबवू नका.

पित्ताच्या गोळ्या (चुन्या-मॅग्नेशियमवाल्या), लोह आणि कॅल्शियम हे डोल्युटेग्राव्हिरसोबत एकदम घेऊ नयेत. एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. घरात कुणाला मधुमेह असून मेटफॉर्मिन चालू असेल आणि तोच माणूस एआरटीवर असेल, तर मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. आणि पुढे कधी टीबी निघून रिफॅम्पिसिन चालू झालं, तर डोल्युटेग्राव्हिरचा डोस दिवसातून दोनदा करावा लागतो. टीबीचं केंद्र आणि एआरटीचं केंद्र वेगळं असतं, एकाचा कागद दुसऱ्याला दाखवायचं काम शेवटी नातेवाइकांवरच येतं.

---

रेणुका_पूर्वभाग

फिटची गोळी लेव्हेटिरासिटामच आहे, आत्ताच पाकीट बघितलं.

सासूबाईंचा एक प्रश्न आहे. ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेतून येते असं वॉर्डात कुणीतरी सांगितलं. आमच्या गच्चीवर रोज कबुतरांना ज्वारी टाकतात. त्यामुळे झालं का? आणि फ्लुकोनॅझोल किती दिवस?

---

मेंदूविकार_निवासी

कबुतरांच्या विष्ठेत आणि तिथल्या मातीत ही बुरशी वाढते हे खरं आहे. पण ती हवेतून आपल्या सगळ्यांच्याच श्वासात जाते, प्रतिकारशक्ती शाबूत असेल तर बहुतेकांना काही होत नाही. भाऊजींना झालं ते सीडी-४ खाली गेल्यामुळे. आजीने मनाला लावून घेऊ नये. भाऊजी घरी येण्याआधी गच्ची ओली करून दुसऱ्या कुणीतरी तोंडाला फडकं बांधून साफ करावी, दाणे टाकणं बंद करावं, एवढंच.

फ्लुकोनॅझोल मोठ्या डोसमध्ये साधारण आठ आठवडे, मग २०० मिलिग्रॅम रोज. ते बरेच महिने चालतं. एआरटी लागू पडून विषाणू दबला आणि सीडी-४ नीट वर आलं की एआरटीचे डॉक्टरच थांबवतील. सोबत कोट्रायमोक्साझोलची रोजची गोळीही असेल, तिने टोक्सो आणि एक प्रकारचा न्यूमोनिया टळतो.

एआरटी सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत डोकेदुखी, उलटी किंवा ताप परत आला तर गोळ्या बंद करू नका आणि घरीही थांबू नका. थेट याच दवाखान्यात, सगळे कागद घेऊन. ती बुरशी परत उलटली आहे की प्रतिकारशक्तीची सूज आहे, हे पुन्हा पाणी बघूनच कळतं.

---

समुपदेशिका_ताई

आणि डिस्चार्जच्या दिवशी कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या : एआरटी सुरू करायची तारीख, फ्लुकोनॅझोलचा डोस आणि फिटच्या गोळीचं नाव. भाऊजी पुन्हा भिवंडीला जायचं म्हणाले तर जाऊ द्या, पोटाचा प्रश्न आहे. पण आधी केंद्रातून बदलीचा कागद घ्या. तिथल्या एआरटी केंद्रात नाव लागतं आणि गोळ्या तिकडेच मिळतात, त्यासाठी सोलापूरला यावं लागत नाही. हे त्यांना आधी कुणी सांगितलं होतं का, ते विचारा.

---

रेणुका_पूर्वभाग

विचारलं. नव्हतं सांगितलं. त्यांना वाटायचं गोळ्या फक्त सोलापुरातच मिळतात, आणि दर महिन्याला सुट्टी मागितली तर मालक कारण विचारेल.